डॉक्टरीणबाईंची गाडी आणि दगडूआबांचा खांदा

माझ्याकडे येणारा माणूस गाडीतून पुरता उतरायच्या आधीच बोलतो, आणि एकच शब्द बोलतो: "ओढते." कुठल्या बाजूला ओढते, कधीपासून ओढते, ब्रेक मारल्यावर ओढते की नुसतीच ओढते, हे सगळं नंतर विचारून घ्यावं लागतं.

लोणावळ्याहून कामशेतकडे निघालात की वलवण सोडल्यावर जुन्या हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं शेड आहे. बोर्डावर 'व्हील अलाइनमेंट' आणि खाली 'यासीन मुलाणी', एवढंच. मी नेमकं काय करतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमचा यासीन चाकं सरळ करतो." त्यावर शेजारणी विचारायच्या, "पण वाकडी केली कुणी?" प्रश्न अगदी बरोबर होता. चौतीस वर्षं मी तेच शोधत आलोय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही माणसं चालताना चवडे आत वळवून चालतात, काही बाहेर फेकून. पुढच्या चाकांचंही तसंच असतं. चाकं पुढून किंचित आत हवीत की सरळ हवीत, हे गाडीगाडीवर ठरतं. शिवाय काही माणसांचे पाय गुडघ्यात फाकलेले असतात, तशी काही चाकं वरून बाहेर झुकतात. एक चाक जास्त झुकलं आणि दुसरं कमी, की गाडी जास्त झुकलेल्या बाजूला जायला लागते. मग तुम्ही स्टिअरिंग उलट्या बाजूला धरून बसता आणि संध्याकाळी खांदा दुखतो म्हणून बाम चोळता. हे झुकणं काढून टाकणं हा माझा धंदा.

अर्थात सगळ्याच गाड्या वाकड्या नसतात. निम्म्या वेळा एका चाकात हवा कमी असते. एका गृहस्थांनी गाडी डावीकडे जाते म्हणून तीन चकरा मारल्या. शेवटी मी डिकी उघडली. डाव्या कोपऱ्यात त्यांच्या सासूबाईंनी दिलेला पाटा-वरवंटा होता. वर्षभरापासून तो घरात न्यायचा राहून गेला होता. त्यांना मी म्हणालो, "साहेब, अलाइनमेंट तुमच्या घरात करावी लागेल."

पण सांगायचंय ते डॉक्टरीणबाईंच्या गाडीबद्दल.

डॉक्टरीणबाई खंडाळ्याला राहतात. वय चौऱ्याऐंशी. पूर्वी लोणावळ्यात त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातून झाली, आणि मावळातल्या अर्ध्या वाड्यांमधली माणसंही. गाडी त्यांच्या वडिलांची, म्हणजे माझ्याहूनही चार-पाच वर्षांनी मोठी. आकाशी रंग, मोठं पातळ स्टिअरिंग, पुढं सलग सोफ्यासारखं सीट. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काहीही दोष नव्हता.

ही गाडी छत्तीस वर्षं एकच माणूस चालवतोय: दगडूआबा. नाणे मावळातल्या एका वाडीचे, अंगानं काटक, डोक्याला टोपी. डॉक्टरीणबाईंना रात्री-अपरात्री बाळंतपणाला नेणारे तेच. आता बाळंतपणं थांबली. गुरुवारी बँक, रविवारी भाजी आणि महिन्यातून एकदा तळेगावला मैत्रिणीकडे, एवढाच प्रवास राहिला.

एका सकाळी ही गाडी शेडमध्ये आली आणि तिच्यामागून एक चकचकीत नवी गाडी आली. नव्या गाडीतून डॉक्टरीणबाईंचा पुतण्या शिरीष उतरला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असतो.

दगडूआबा उतरले आणि म्हणाले, "यासीनभाऊ, वडती वो."

शिरीष म्हणाला, "गाडी ओढत नाही, यासीनभाई. आबांना आता जमत नाहीये. मी परवा मागून येत होतो. गाडी डावीकडे जाते, आबा तिला उजवीकडे आणतात, परत डावीकडे. आत्या मागे बसलेली असते. काही झालं म्हणजे?"

मागच्या सीटवरून आवाज आला, "आत्या मेलेली नाही. ऐकते आहे."

प्रकरण असं होतं. शिरीषनं आधी ही गाडी पुण्यात कॉम्प्युटरवर लावून आणली होती. तिथल्या यंत्राच्या यादीत ही गाडीच नव्हती. म्हणून त्यांनी आकारानं जवळपासची कुठलीतरी नवी गाडी निवडली. पडद्यावर सगळं हिरवं आलं, आणि रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त ओढायला लागली. शिरीषनं त्यावरून निष्कर्ष काढला, की मशीननं पास केलंय म्हणजे दोष माणसाचा. त्यानं घरात सांगून टाकलं होतं: हा शेवटचा प्रयत्न. यासीनभाई म्हणाले गाडी ठीक आहे, तर गाडी विकायची आणि आबांना घरी बसवायचं.

म्हणजे मी गाडी दुरुस्त केली तर आबा वाचणार. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

जुन्या गाडीला मी मशीन लावत नाही. दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणतो आणि दोरीपासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजतो. चाक किती झुकलंय ते गवंड्याच्या ओळंब्यानं बघतो. आणि माणसं गाडीत बसलेली असतानाच मोजतो, कारण माणसं बसली की गाडी दबते आणि मापं बदलतात. म्हणून आबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना त्यांच्या नेहमीच्या जागी मागे डावीकडे. त्या पेपर वाचत बसल्या. मधूनच विचारायच्या, "यासीन, हललं तर चालेल का?"

"चालेल बाई."

"शिंकलं तर?"

शिरीषनं मोबाइल काढून चाकाला टेकवला. त्यात म्हणे उतार मोजायची सोय असते. मी म्हटलं मोजा. त्याचं आणि माझं माप सारखंच आलं, तेव्हा तो जरा नाराज झाला.

माप सांगत होतं की डावं चाक वरून चांगलंच बाहेर झुकलंय. खाली सरकून बघितलं तर ते चाक धरणारा लोखंडी आर्म वाकलेला. ताजा नव्हे, जुना. गंजावर गंज चढलेला.

मी बाहेर येऊन विचारलं, "आबा, ही गाडी कधी कुठं आपटली होती?"

आबांनी टोपी काढली, परत घातली. मग मागे न बघता म्हणाले, "लय वर्सं झाली. वाडीवरनं बाळातपण उरकून येत व्हतो. पहाट झालेली. माजा जरा डोळा लागला. मोरीच्या कठड्याला चाक घासलं. बाई झोपल्या व्हत्या, म्हून मी काय बोललो न्हाई."

"मी जागी होते," डॉक्टरीणबाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या. "डोकं काचेवर आपटलं होतं. पण तू दोन रात्री झोपला नव्हतास. म्हणून मीही काही बोलले नाही."

शिरीष आ वासून दोघांकडे बघत होता. जी गोष्ट दोघांनीही एकमेकांपासून इतकी वर्षं लपवली, ती माझ्या शेडमध्ये ओळंबा हातात असताना बाहेर आली.

आर्म काढून सरळ करून घेतला. उरलेला फरक पत्र्याच्या पातळ चकत्या घालून काढला. आमच्याकडे त्यांना शिम म्हणतात. शेवटी चाकांचे चवडे जुळवले आणि स्टिअरिंग मधोमध आणलं. या सगळ्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः कार्ला फाट्यापर्यंत चालवून आलो. सपाट, मोकळ्या पट्ट्यात दोन्ही हात क्षणभर सोडले. गाडी सुतासारखी सरळ. खरं सांगतो, शिट्टी वाजवत परत आलो.

दुपारी सगळे हजर. मी ऐटीत म्हणालो, "आबा, चालवा आता."

आबांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि शेडच्या उजव्या बाजूला रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात नेऊन घातली.

जोरात नाही. पण अगदी ठाम. ढीग कोसळला. एक टायर सुटला, आवारभर घरंगळत फिरला आणि शिरीषच्या नव्या गाडीला टेकून सावकाश आडवा झाला.

मग शिरीष म्हणाला, "बघितलंत?"

मी आबांना उतरवलं, स्वतः बसलो, गाडी मागे घेतली आणि रस्त्यावर जाऊन परत आलो. सरळ. पुन्हा आबा बसले. पुन्हा उजवीकडे. या वेळी मी शेजारी होतो म्हणून हँडब्रेक ओढला.

आबांचा चेहरा मला बघवेना. स्वतःच्या हातांकडे ते असे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "यासीनभाऊ, गाडीला काय झालं?" इतकंच म्हणाले.

गाडीला काही झालं नव्हतं, हीच तर अडचण होती. माझ्या चोख कामानं त्यांची नोकरी घालवली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिरीष, आठ दिवस दे. गाडी यासीनकडे राहू दे, दगडूही राहू दे." शिरीष पुढच्या रविवारी येतो म्हणाला आणि आत्याला घरी सोडायला घेऊन गेला.

माझं घर शेडच्या मागेच आहे. माझी बायको शमीम चहा घेऊन आली. आबा खुर्चीत बसून चहा प्यायला लागले. शमीम थोडा वेळ उभी राहून बघत होती. मग मला आत बोलावून म्हणाली, "गाडी सरळ केलीत, ठीक. माणूस कोण सरळ करणार? नीट बघा त्यांच्याकडे."

मी खिडकीतून बघितलं. आबा खुर्चीत उजवीकडे कलून बसले होते. उजवा खांदा खाली, डावा वर, मान त्याच्या उलट. सदऱ्याची उजवी बगल विरलेली. वर्षानुवर्षं डावीकडे जाणाऱ्या गाडीला त्यांनी उजवीकडे धरून ठेवलं होतं. गाडी सुधारली, पण त्यांचे हात जुनीच गाडी चालवत होते.

तेव्हा मला बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक टेम्पोवाला आठवला. मी त्याची गाडी सरळ करून दिली आणि तासाभरात तो समोरच्या फाटकाला धडकून परत आला. मी त्याला म्हणालो होतो, "गाडी बरोबर आहे, तुझं तू बघ." कसली ऐट होती ती. तो बिचारा मान खाली घालून गेला. आता कुठं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. आंबीच्या बाजूला कारखान्यांसाठी प्लॉट पाडलेत. तिथं एक लांब सरळ रस्ता आहे, अजून ना कारखाने आलेत ना वर्दळ. तिथपर्यंत मी चालवायचो, मग आबा. पहिल्या दिवशी मी स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला पांढरी पट्टी चिकटवली. म्हटलं, "आबा, ही पट्टी मधोमध ठेवायची. बास."

आबांनी पट्टीवर डोळे रोखले. पट्टी मधोमध राहिली, पण रस्त्याकडे बघायचं राहून गेलं. आम्ही एका प्लॉटमध्ये शिरलो. तिथं एक म्हैस चरत होती. तिनं मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि परत चरायला लागली.

दुसऱ्या दिवशी दोन बोटांनी धरायला सांगितलं. आबा म्हणाले, "दोन बोटांनी आमी तपकीर धरतो. गाडी न्हाई."

तिसऱ्या दिवशी मी हरलो होतो. काय शिकवावं सुचेना, म्हणून सहज विचारलं, "आबा, तुमच्या चुलतभावाशी बांधावरून काय चाललंय म्हणे?"

"चाललंय काय म्हंता!" आबा भडकले. "त्यानं रातोरात बांध हातभर सरकवला. वर म्हंतो, उंदरांनी कोरला. उंदीर काय टिकाव घिऊन आलं व्हतं व्हय?"

ते बोलत राहिले. तलाठी आला, मोजणी झाली, चुलतभावाच्या बायकोनं मोजणीदाराला पिठलं-भाकरी घातली, त्यामुळं माप कसं फिरलं. आणि मी बघतोय तर गाडी सरळ चाललीय. अगदी सरळ. खांदासुद्धा वर आलेला. रस्त्याच्या टोकाशी वळलो, परत आलो, तरी सरळ.

"आबा, बघा, सरळ चाललीय!" मी ओरडलो.

"आँ?" आबा भानावर आले आणि गाडी उजवीकडे गेली.

मग मला उमगलं. लक्ष देऊन चालवली की जुनी सवय वर यायची. बोलत राहिले की हात गाडीचं ऐकायचे. उरलेले दिवस मी फक्त प्रश्न विचारले. बांध झाला, मग सुनेची आमटी, मग ग्रामपंचायत, मग शेजाऱ्याचा कोंबडा. नाणे मावळातल्या त्या वाडीची आज मला जितकी माहिती आहे तितकी तिथल्या सरपंचालाही नसेल.

रविवारी परीक्षा. खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत आणि परत. आबा स्टिअरिंगवर, शिरीष त्यांच्या शेजारी, मागे डॉक्टरीणबाई आणि मी. निघण्याआधी मी बाईंच्या कानात दोन शब्द सांगून ठेवले होते.

शिरीष शेजारी बसला म्हणून आबा ताठ झाले. तोंडातून शब्द नाही. बंगल्याच्या गेटमधून बाहेर पडलो आणि मला त्यांचा उजवा खांदा खाली जाताना दिसला. गाडी मधल्या रेषेकडे सरकायला लागली. समोरून एस.टी. येत होती. मी बाईंकडे बघितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "दगडू, त्या बांधाचं काय झालं रे?"

खांदा वर आला. गाडी आपल्या जागी आली. एस.टी. निघून गेली. "बाई, काय सांगू तुमाला..." आणि आबा सुरू झाले. वलवण गेलं, कार्ला फाटा गेला, कामशेत आलं. तोवर प्रकरण तहसीलदारापर्यंत पोचलं होतं. शिरीषला त्यात इतका रस आला की तो मध्येच म्हणाला, "पण आबा, मोजणीचा नकाशा मागायचा ना तुम्ही!" येताना तर त्यानं अर्ज कसा लिहायचा तेही सांगितलं. गाडी सरळ चाललीय की नाही, याचा त्याला पार विसर पडला होता.

बंगल्यावर पोचल्यावर त्याला आठवलं. गाडी तर सुखरूप आली होती, बोलायला जागा नव्हती. "मी जरा बघतो," म्हणून तो स्वतः स्टिअरिंगवर बसला. गाडी उभी असताना चाकं वळवायचा प्रयत्न केला. स्टिअरिंग हलेना. दोन्ही हात लावले, पाय रोवले, चेहरा लाल झाला.

"हे आबा कसं फिरवतात?" त्यानं विचारलं.

"गाडी जरा पुढं जाऊ द्यावी लागती, साहेब," आबा नम्रपणे म्हणाले. "तिला हुभ्या हुभ्या कुनाचं ऐकायची सव न्हाई."

शिरीष खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "ठीक आहे. आबाच चालवू देत."

गोष्ट इथं संपली असती तर माझी मान ताठ राहिली असती. पण महिन्याभरानं आबा एकटेच गाडी घेऊन आले. इकडं तिकडं बघितलं, शेडमध्ये कुणी नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाले, "यासीनभाऊ, रागावू नका. थोडी वडू द्या तिला. अगदी थोडी."

"काय?"

"हातात कायच लागत न्हाई वो. रिकामं रिकामं वाटतं. आधी कसं, तिची आन् माजी सारखी वढाताण चालायची. आता गाडीत मी एकटाच हाय असं वाटतं."

मी आजवर एकही गाडी जाणूनबुजून वाकडी केलेली नाही, आणि करणारही नाही. पण त्या माणसाला नाही म्हणवेना. मी म्हटलं, "बसा. करतो."

सतरंजी टाकली, गाडीखाली सरकलो. तिथं दहा मिनिटं उताणा पडून राहिलो. मधूनमधून पान्हा लोखंडावर वाजवला. एकदा जोर लावल्यासारखा आवाजही काढला. कशालाही हात लावला नाही. बाहेर येऊन कपाळ पुसलं आणि म्हणालो, "बघा बरं आता."

आबा हायवेवर एक चक्कर मारून आले. चेहरा उजळलेला. "हां! आता कशी! आता गाडीत जीव आला."

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन. "यासीन, दगडूनं गाडीला काही करून घेतलं का? अगदी पूर्वीसारखी चालते. मला मागे बसल्या बसल्या कळलं."

त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. मी सगळं सांगून टाकलं: सतरंजी, पान्हा, कण्हणं. मला वाटलं आता चिडणार. मग त्यांच्या हसण्याचा आवाज आला.

"अरे, वाड्यांवर मी आयुष्यभर हेच केलं," त्या म्हणाल्या. "काही झालेलं नसायचं, पण इंजेक्शन दिल्याशिवाय कुणाला बरंच वाटायचं नाही. मग द्यायचं एखादं ताकदीचं. पण यासीन, मी निदान सुई तरी टोचायचे."

मासिकाच्या या अंकासाठी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी त्यांनाच फोन करून विचारलं, की हे छापलं तर चालेल का. आबांना कळलं तर?

"खुशाल छाप," त्या म्हणाल्या. "दगडू रस्त्यावरच्या पाट्यांपलीकडे काही वाचत नाही. आणि शिरीष मराठी वाचत नाही."